मूळ पगार

मस्कतबाहेर, रुसैलच्या आमच्या ऑफिसात
एसीखाली बादली ठेवलेली असते.
दिवसभरात जमतं ते पाणी
संध्याकाळी मी दारातल्या कडुनिंबाला घालते.
एवढं एकच काम माझ्या कॉन्ट्रॅक्टात नाही.

बाकी सगळं आहे : दोनशे बारा माणसांची हजेरी,
ओव्हरटाइम, रजा, कापलेले बैसे,
आणि या आठवड्यात
दार लावून घेऊन कुरियनसाहेबांनी सांगितलेलं,
"समजा, किमान पगार ऐंशीचा शंभर झाला.
शीट करून दाखव."

समजा.
रकाना एफमध्ये ऐंशी खोडून शंभर लिहिते
आणि खाली ओढते.
एका बोटासरशी माणसं वर चढतात,
तळाची बेरीज लाल होते.
"बघितलंस? हॉस्पिटलचं टेंडर तीन वर्षांचं,
दर बांधलेले. आणू कुठून?"
खोटं नाही बोलत ते. टेंडर मीच टाइप केलं होतं.
त्यांच्या नव्या गाडीचा रकाना दुसऱ्या फाइलीत आहे,
तिचा पासवर्ड माझ्याकडे नाही.

दुपारी पँट्रीत तोच वाद.
नरसय्या म्हणतो, "अकरा वर्षं घासून मी शंभरावर आलो.
काल विमानातून उतरलेला पोरगा शंभरानंच सुरू करणार?
मग माझी अकरा वर्षं कुठल्या खात्यात?"
नुरुल म्हणतो, "तुझी गेली, दादा,
म्हणून माझीही जाऊ देत म्हणतोस?"
नरसय्या कप विसळतो. खूप वेळ विसळतो.
सुपरवायझर थंकच्चन म्हणतो,
"मजल्याला तीन माणसं होती, दोन होतील. लिहून ठेवा."
मग कुणी बोलत नाही,
जो तो आपापला मजला आठवतो.

मी एकशेचाळीसवर.
माझा पगार या वादाच्या एक मजला वर राहतो,
जिना मात्र तोच.

रात्री तोच शब्द फोनमधून येतो.
संगमेश्वरहून आई : किमान वेळेवर जेवत जा.
किमान या मे महिन्यात तरी ये.
आमच्याकडे हा शब्द तेव्हाच काढतात
जेव्हा मागणाऱ्यानं
बाकीचं सगळं आधीच सोडून दिलेलं असतं.

बुधवारी साहेबांनी तोडगा काढला.
मूळ पगार शंभर,
जेवणाची कपात दहाची तीस,
हातात तेच सत्तर.
"कायदा आलाच तर तोही खूश. त्यांना समजेल असं सांग."
मी फळ्यावर मांडून हिंदीत सांगितलं.
'हातात तेच' लिहिताना मार्कर सुकला,
शेवटची अक्षरं नुसती ओरखडली.

मागच्या खुर्चीवरून बिमलानं हात वर केला.
इमर्जन्सी वॉर्डाची फरशी तिच्याकडे असते.
"दीदी, कायमचं घरी जाताना जो हिशेब मिळतो,
तो मूळवर धरतात ना?"
हो.
"ओव्हरटाइमपण मूळवर?"
हो, बिमला.
"मग तीस रियालची डाळ खाऊ आम्ही. लिहा शंभर."

सगळे हसले, थंकच्चनसुद्धा.
नरसय्या तेवढा म्हणाला, "आणि माझं मूळ?"
त्याला माझ्याकडे फॉर्म्युला नव्हता.

नंतर साहेबांनी विचारलं, हे तिला कुणी शिकवलं?
माहीत नाही, म्हटलं.
रमजानात एकदा बसमध्ये
तिनं पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली होती,
मी एकेक रकाना वाचून दाखवला होता.
एवढंच.

संध्याकाळी बादली काठोकाठ.
बुंध्याशी ओतायला वाकले तर
बसची वाट बघत उभा नरसय्या म्हणाला,
"तिथं नको, मॅडम. थोडं लांब ओता.
पाणी पिणारी मुळं खोडाजवळ नसतात."

मी बादली घेऊन
दोन पावलं मागे सरकले.